गाठीचा शोध : प्लेगच्या तपासणीपासून सीटी स्कॅनपर्यंत

१/
सोलापूरहून अक्कलकोटकडे जाणाऱ्या रस्त्यावर आधी कुंभारी लागते आणि पुढे वळसंग. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या भेटीची आठवण सांगणारी विहीर ही वळसंगची ओळख. कुंभारीत २००६ मध्ये विडी कामगार स्त्रियांना गोदूताई परुळेकर यांच्या नावाच्या वसाहतीत दहा हजार घरे मिळाली. तिथेच एक वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याचे रुग्णालयही आहे.

२/
या पट्ट्यात तंबाखू घरोघर आहे. कोणाच्या हातात विडीचे पान, कोणाच्या दातांना मिश्री, कोणाच्या तळव्यावर चुन्याबरोबर मळलेली चिमूट. तंबाखूमुळे होणारा तोंडाचा कर्करोग पसरू लागला की त्याचा पहिला मुक्काम बहुधा मानेतील गाठीत पडतो. ती गाठ वेळेत सापडते की नाही, यावर पुढचे आयुष्य अवलंबून असते. आज हा शोध संगणकाला शिकवला जात आहे. मात्र महाराष्ट्रात गाठी शोधण्याचा इतिहास सव्वाशे वर्षांहून जुना आहे, आणि त्याचा पहिला अध्याय भीतीचा आहे.

३/
आधी गाठ म्हणजे काय, हे पाहू जाता : शरीरात रक्तवाहिन्यांप्रमाणेच लसिकावाहिन्यांचे जाळे असते. पेशींच्या अवतीभवतीचा द्रव गोळा करून तो रक्तात परत नेणे, हे त्यांचे काम. या वाटेवर घेवड्याच्या बीच्या आकाराच्या शेकडो लसिका ग्रंथी असतात. जुन्या शहरांच्या वेशीवर जकात नाके असत, तशी त्यांची रचना. येणारा प्रत्येक थेंब तिथे तपासला जातो. जंतू अथवा कर्करोगाच्या पेशी आल्या की नाक्यावर झटापट होते आणि गाठ सुजते.

४/
हे ज्ञान बोलभाषेला फार पूर्वीपासून होते. पायाला काटा लागून जखम चिघळली की जांघेत ‘अवधाण’ येते, हे अनवाणी चालणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक होते. गळ्याभोवती गाठींची माळ उठली की तिला ‘गंडमाळ’ म्हणत. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात ग्रंथी, अपची, अर्बुद आणि गलगंड यांचा एकत्र विचार आहे. युरोपात डेन्मार्कच्या थॉमस बार्थोलिनने १६५३ मध्ये लसिकावाहिन्यांचे वर्णन करून त्यांना नाव दिले. गाठ दिसत होती ती सर्वांनाच. तिचा अर्थ लावणे अवघड होते.

५/
सप्टेंबर १८९६. मुंबईच्या मांडवी भागात मूळचे गोव्याचे डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगास यांनी तापाने फणफणलेल्या रुग्णांच्या जांघेत आणि काखेत सुजलेल्या गाठी पाहिल्या आणि निदान केले : प्लेग. दोनच वर्षांपूर्वी, १८९४ मध्ये, हाँगकाँगमध्ये अलेक्झांडर येर्सिन यांनी या रोगाचा जंतू नेमका अशाच गाठीतून वेगळा केला होता. प्लेगचा पिसू चावला की जंतू लसिकावाहिन्यांतून जवळच्या ग्रंथीत शिरतो. पिसू बहुधा पायाला चावत, म्हणून गाठ बहुधा जांघेत येई.

६/
४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा आला. घरे, गाड्या, प्रवासी यांची झडती घेण्याचे व्यापक अधिकार सरकारला मिळाले. रेल्वे स्थानकांवर प्रवाशांना उतरवून ताप आणि गाठ पाहिली जाऊ लागली. सोलापूर जिल्हा त्या वर्षी दुष्काळाने आधीच खचला होता. मुंबई इलाख्यातील इतर जिल्ह्यांप्रमाणे प्लेग तिथेही पोचला. तपासणीचे साधन एकच होते : तपासणाऱ्याची बोटे.

७/
बोटांनी गाठ शोधायची म्हणजे काख आणि जांघ चाचपायची. ज्या समाजात कोणी कोणाला स्पर्श करायचा यावर जातीचे आणि स्त्रीपुरुषभेदाचे कडक पहारे होते, तिथे परक्या शिपायासमोर ही तपासणी असह्य ठरली. ऑक्टोबर १८९६ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांनी आर्थर रोड रुग्णालयावर हल्ला केला. पुण्यात वॉल्टर चार्ल्स रँडच्या अधिकाराखाली गोरे सैनिक घराघरांत शिरले. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली.

८/
या कठोरपणाचा वैद्यकीय परिणाम काय झाला? लोक रुग्ण लपवू लागले. गाठ दिसली की ती डॉक्टरला दाखवण्याऐवजी घरातले माणूस रातोरात दुसऱ्या गावी हलवले जाई. ज्या रोगाचे निदान वेळेवर होणे सर्वांत गरजेचे होते, त्याचीच चिन्हे तपासणीच्या भीतीने झाकली गेली.

९/
त्याच पुण्याजवळ दुसरा शोधही चालू होता. हडपसरच्या ससाणे मळ्यात डॉ. यशवंत फुले यांचा दवाखाना उघडला होता आणि सावित्रीबाई स्वतः रुग्णांना तिथे आणीत होत्या. मुंढव्याच्या एका प्लेगग्रस्त मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन आणले. त्यातून त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचा मृत्यू झाला. रोग तोच, गाठ तीच. एका ठिकाणी ती पकडण्यासाठी शोधली जात होती, दुसऱ्या ठिकाणी वाचवण्यासाठी.

१०/
बोटांच्या तपासणीत दोन प्रकारच्या चुका संभवतात, आणि त्या पुढच्या सगळ्या इतिहासात सोबत राहतात. पहिली : गाठ असून ती न सापडणे. दुसरी : साध्या अवधाणाला प्लेगची गाठ समजणे. पहिल्या चुकीत रोग निसटतो. दुसरीत निरोगी माणूस छावणीत जातो. चाळणी बारीक केली की पहिली चूक घटते पण दुसरी वाढते. यंत्र आले तरी हा तिढा सुटला नाही.

११/
बोटांची मर्यादा उघड होती. छातीच्या पोकळीतील, पोटाच्या मागील भिंतीलगतच्या, ओटीपोटातील ग्रंथी हाताला लागतच नाहीत. १८९५ मध्ये राँटगेन यांनी क्ष-किरण शोधले, पण त्यांत हाडे स्पष्ट दिसत आणि मऊ ग्रंथी भोवतालच्या सावलीत मिसळून जात. १९५० च्या दशकात लंडनचे शल्यचिकित्सक जॉन किनमंथ यांनी पायाच्या बारीक लसिकावाहिनीत क्ष-किरणांना दिसणारे द्रव्य सोडून ग्रंथींची छायाचित्रे घेण्याची रीत रूढ केली. ती नाजूक, वेळखाऊ आणि थोड्याच ठिकाणी जमणारी होती.

१२/
१ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनजवळच्या ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्रावर पहिल्या रुग्णाचा सीटी स्कॅन झाला. अनेक कोनांतून घेतलेल्या क्ष-किरणांच्या मोजमापांवरून संगणक शरीराचे आडवे काप चित्रित करी. १९७९ मध्ये हाउन्सफील्ड आणि ॲलन कॉरमॅक यांना नोबेल पारितोषिक मिळाले. खोलवरच्या ग्रंथी आता शस्त्राविना दिसू लागल्या. पण ‘दिसणे’ आणि ‘सापडणे’ यांत अंतर होते.

१३/
ते अंतर सोलापूरच्या शेतात समजते. ज्वारीचे ताट आडवे कापले तर काप गोल दिसतो. भुईमुगाचा दाणा कापला तरी काप गोलच दिसतो. एकाच कापावरून दोन्ही ओळखणे कठीण. मात्र पुढचा आणि मागचा काप पाहिला की उलगडा होतो : ताट पुढेही चालूच असते, दाणा संपलेला असतो. स्कॅनमध्ये रक्तवाहिनी म्हणजे ताट, लसिका ग्रंथी म्हणजे दाणा. दोन्हींची करडी छटा जवळपास सारखी. म्हणून क्ष-किरणतज्ज्ञ शेकडो काप वरखाली सरकवत राहतो आणि प्रत्येक ठिपक्याला विचारतो : तू पुढे आहेस की संपलास?

१४/
ठिपका ग्रंथीचा ठरला तरी ती रोगी आहे का, हे वेगळेच. व्यवहारात मापाचा आधार घेतात : आखूड बाजू १० मिलिमीटरहून कमी असेल तर ग्रंथी सामान्य मानण्याचा प्रघात आहे. पण लहान ग्रंथीतही कर्करोगाच्या पेशी असू शकतात आणि क्षयामुळे मोठी झालेली ग्रंथी कर्करोगाची भासू शकते. भारतात फुप्फुसाबाहेरील क्षयाचे सर्वाधिक आढळणारे रूप लसिका ग्रंथींचेच आहे. जुनी गंडमाळ बहुतांशी तीच. शेवटचा निवाडा सुईने घेतलेला नमुना सूक्ष्मदर्शकाखाली पाहूनच होतो.

१५/
यंत्रे मोठ्या शहरांत येत असताना सोलापूर जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, बार्शीत, वेगळ्या प्रकारचा शोध सुरू झाला. नर्गिस दत्त यांच्या नावाने उभ्या राहिलेल्या कर्करोग रुग्णालयात १९८७ मध्ये भारतातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम या तीन तालुक्यांतील खेडी तिच्या कक्षेत होती. डॉ. भगवान नेने आणि डॉ. कस्तुरी जयंत ही या कामाशी जोडलेली नावे.

१६/
शहरातील नोंदणी रुग्णालयाच्या कागदांवर चाले. खेड्यातील अनेक रुग्ण रुग्णालयापर्यंत पोचतच नसत, म्हणून बार्शीचे कार्यकर्ते गावोगाव गेले. त्यांनी लक्षणे समजावून सांगितली, संशय असेल त्याला तपासणीला येण्यास राजी केले आणि त्याची नोंद ठेवली. काही वर्षांतच गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या लवकरच्या अवस्थेत येणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण वाढलेले दिसले. १८९७ मध्ये ज्या दारांमागे रुग्ण लपवले गेले, तशीच दारे नव्वद वर्षांनी विचारपूस केल्यावर उघडली.

१७/
याच भूमीवर पुढे जगाचे लक्ष वेधणारी चाचणी झाली. तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यातील ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा तिच्यात समावेश होता. निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले : एकदा एचपीव्ही चाचणी झालेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू तुलनेच्या गटाच्या जवळपास निम्म्यावर आले. तुलनेच्या गटातील स्त्रियांची तपासणी केली गेली नाही, यावर पुढे नैतिक आक्षेपही घेण्यात आले. ज्ञान कोणाच्या शरीरावर उभे राहते, हा प्रश्न १८९७ मध्ये संपला नव्हता.

१८/
गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची अवस्था अनेक दशके मुख्यतः डॉक्टरच्या हाताने केलेल्या तपासणीवर ठरत असे, कारण तो सर्वाधिक आढळे तिथे स्कॅनर दुर्मीळ होते. २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय वर्गीकरण बदलले. ओटीपोटातील अथवा महाधमनीलगतच्या ग्रंथीत रोग दिसला, तर थेट ‘३ सी’ अवस्था धरली जाऊ लागली आणि त्यासाठी स्कॅनचा पुरावाही ग्राह्य झाला. म्हणजे एका ग्रंथीच्या वाचनावर उपचाराची दिशा बदलू शकते. ती नजरेतून सुटणे आता अधिक महाग पडते.

१९/
मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने मानेच्या गाठींबाबत जगाला एक उत्तर दिले. तोंडाचा कर्करोग लवकर सापडला आणि मानेत गाठ लागत नसली, तर मानेच्या ग्रंथी आधीच काढाव्यात की गाठ उद्भवेपर्यंत वाट पाहावी? डॉ. अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये ५०० रुग्णांवरील निष्कर्ष मांडले. आधीच ग्रंथी काढलेल्यांपैकी तीन वर्षांनी ८० टक्के हयात होते. वाट पाहिलेल्यांपैकी ६७.५ टक्के. आधीच काढलेल्या ग्रंथी तपासल्या, तेव्हा दहांपैकी सुमारे तिघांमध्ये रोग आढळला होता. बोटांना निर्दोष वाटणारी मान आतून निर्दोष नव्हती. पण याचाच दुसरा अर्थ असा की दहांपैकी सातांच्या ग्रंथी रोगाविना काढल्या गेल्या. लपलेली गाठ आधीच ओळखता आली तर?

२०/
याच सुमारास संगणकशास्त्रात मोठे वळण आले. पूर्वी माणूस संगणकाला नियम लिहून देई : ग्रंथी गोल असते, तिची कड अशी असते, छटा तशी असते. २०१२ मध्ये इमेजनेट या चित्रस्पर्धेत टोरांटोच्या संशोधकांच्या न्यूरल नेटवर्कने बाकीच्यांना खूप मागे टाकले. डीप लर्निंगची रीत उलटी होती. नियम सांगायचे नाहीत. खूण केलेली हजारो उदाहरणे दाखवायची आणि उत्तर चुकले की आतील आकडे किंचित बदलायचे. असे लाखो वेळा केल्यावर नेटवर्क स्वतःच वैशिष्ट्ये हेरू लागते.

२१/
२०१४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील होल्गर रॉथ, ले लू, रोनाल्ड समर्स आणि सहकाऱ्यांनी ही रीत लसिका ग्रंथींना लावली. आधी एक जुनी प्रणाली स्कॅनमधील सर्व संशयास्पद जागा टिपे. ती जवळजवळ एकही ग्रंथी सोडत नसे, पण प्रत्येक रुग्णामागे सुमारे ४० खोट्या खुणाही करी. मग नेटवर्क प्रत्येक जागा आडव्या, समोरच्या आणि बाजूच्या अशा तीन कापांत पाही. तेच काप निरनिराळ्या कोनांत फिरवून पुन्हा पाही आणि सर्व उत्तरांची सरासरी काढी. ताट आणि दाणा ओळखण्याचीच ही युक्ती, पण यंत्राच्या सवडीने.

२२/
कसोटीसाठी ९० रुग्णांच्या छातीतील ३८८ आणि ८६ रुग्णांच्या पोटातील ५९५ ग्रंथी होत्या. प्रत्येक स्कॅनमागे ३ खोट्या खुणा चालवून घेतल्या तर छातीतील ७० आणि पोटातील ८३ टक्के ग्रंथी सापडत. ६ चालवून घेतल्या तर हेच प्रमाण ८४ आणि ९० टक्क्यांवर जाई. जुना तिढा इथे आकड्यांत समोर येतो. किती खोट्या गाठी सोसून किती खऱ्या गाठी मिळवायच्या, हे यंत्र ठरवत नाही. ते माणसाला ठरवावे लागते.

२३/
यंत्र शिकते ते माणसाने केलेल्या खुणांवरून, आणि खुणा करणे हे सर्वांत कष्टाचे काम आहे. २०१८ मध्ये त्याच संस्थेने खुला केलेला ‘डीपलिजन’ हा ३२ हजारांहून अधिक विकृतींचा संग्रह डॉक्टरांनी रोजच्या कामात केलेल्या मोजमापांतूनच उभा राहिला. पण डॉक्टर मोजण्याजोग्या मोजक्याच गाठींवर खूण करतात. बाकीच्या तशाच राहतात. खूण नसलेली गाठ यंत्राला ‘गाठ नाही’ असे शिकवते. २०२३ च्या एका आंतरराष्ट्रीय स्पर्धेत संशोधकांना मुद्दाम अशीच अर्धवट खुणांची चित्रे देण्यात आली, कारण वास्तवात तशीच मिळतात.

२४/
आणखी एक प्रश्न यंत्राच्या शाळेचा. नेटवर्क ज्यांच्या शरीरांवरून शिकले, त्यांच्यासाठी ते अधिक भरवशाचे असते. जिथे क्षयाच्या गाठी विरळा, तिथल्या स्कॅनवर घडलेले नेटवर्क सोलापूरच्या रुग्णाची जुनी क्षयाची गाठ कर्करोगाची ठरवू शकते. टाटा मेमोरियलने आयआयटी मुंबई आणि इतर संस्थांसह कर्करोगाच्या प्रतिमांचा भारतीय संग्रह उभारण्यास घेतला आणि आरंभासाठी डोके-मान व फुप्फुस यांचे कर्करोग निवडले, त्याचे महत्त्व इथे आहे. ही निवड तंबाखूच्या नकाशाशी जुळते.

२५/
अशा संग्रहात वळसंगच्या एखाद्या स्त्रीचा स्कॅनही उद्या असेल. १८९७ मध्ये तिच्या पणजीच्या काखेत गाठ शोधताना कोणी परवानगी विचारली नव्हती. साथरोगांचा तो कायदा २०२० मध्ये करोनाच्या साथीतही वापरला गेला. २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा संमत झाला आणि संमतीला कायद्यात जागा मिळाली. आता स्पर्शाविनाही शरीर तपासता येते. म्हणूनच संमती विचारणे अधिक सहज विसरले जाऊ शकते.

२६/
सव्वाशे वर्षांत बोटांची जागा काचेने, काचेची पडद्याने आणि पडद्यावरच्या नजरेची काही अंशी गणिताने घेतली. दर टप्प्यावर अधिक लहान, अधिक खोल गाठ सापडू लागली. मात्र स्थानकावरच्या तपासणीने रुग्ण पळवले आणि बार्शीच्या कार्यकर्त्यांनी ते दवाखान्यात आणले, हा फरक कोणत्याही उपकरणातून आलेला नव्हता. तो शोधणारा कोणासाठी शोधतो आहे, यातून आला होता.

२७/
अक्कलकोट रस्त्यावर विड्या वळणारी एखादी बाई आजही मानेला लागलेली गाठ आधी स्वतःच्याच बोटांनी चाचपते. ती कोणाला दाखवायची की पदराआड ठेवायची, हा निर्णय तिचा असतो. जगातील सर्वांत चतुर नेटवर्कही तिने गाठ दाखवल्यानंतरच कामाला लागते.